तीन तासांचा हिशेब

नोटीस जिन्याखालच्या फलकावर होती, एनसीसीच्या नोटिशीखाली अर्धी दडलेली. 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना. गरजू विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत.' शेवटची तारीख पाच दिवसांवर. 2012 चा जुलै, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, पुण्यात येऊन मला तीन आठवडे झाले होते. मेसचे पैसे भरल्यावर पाकिटात एसटीच्या तिकिटापुरते उरले होते. फॉर्म त्याच दिवशी घेतला.

फॉर्म एका पानाचा, पण त्याला जोडायचे कागद पाच. गुणपत्रिका, बोनाफाईड, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान हे सगळं पुण्यातच जमलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र गाव गाठावं लागलं. आमचं गाव अकोले तालुक्यात. नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे; हे वाक्य मी पुण्यातल्या प्रत्येक खिडकीवर बोलले आहे. तलाठ्याचा अहवाल असल्याशिवाय सेतूवाला अर्ज घेईना, आणि तलाठी कुठल्या दिवशी कुठल्या गावात असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. आप्पांनी कामावर खाडा करून त्याला गाठलं. अर्ज दिला, पावती मिळाली, दाखला आठ दिवसांनी मिळणार होता. म्हणून फॉर्मला मी पावतीच जोडली. विद्यार्थी कल्याणचं काम आमच्या फिजिक्सच्या सरांकडे होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पावती वाचली आणि म्हणाले, "दाखला आला की आणून दे." बस्स. हे मुद्दाम सांगतेय, कारण एक कागद कमी आहे म्हणून फॉर्मच न भरलेल्या तीन मुली माझ्याच हॉस्टेलवर होत्या.

मुलाखतीत दोनच प्रश्न. घरी कोण काय करतं, आणि "झाडू मारायला सांगितलं तर मारशील ना?"

"घरी मारतेच की सर," मी म्हटलं. मला ग्रंथालय मिळालं.

ज्यांना ही योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्याच महाविद्यालयात किंवा विद्यापीठात रोज जास्तीत जास्त तीन तास काम करायचं आणि त्याचे तासाच्या दराने पैसे घ्यायचे. काम बागेत, प्रयोगशाळेत, कार्यालयात, कुठेही. नाव कर्मवीरांचं, कारण शिकता शिकता राबायची रीत त्यांनी घालून दिली. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला हलवली. तिथे धननीच्या बागेतल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, आपलं जेवण आपणच रांधायची, शेतात काम करायची. माझे आजोबा रयतच्या शाळेत शिकले. कर्मवीरांचं त्यांनी कधी दर्शनही घेतलेलं नव्हतं, पण 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे ते जेवताना, गुरं सोडताना, कुठेही म्हणायचे. शाळेच्या वाफ्यात त्यांनी मेथी-वांगी पिकवली होती. "पैसे नव्हते मिळत, जेवण मिळायचं," ते सांगायचे, "पण ते कुणी वाढलेलं नव्हतं. आमचं होतं." लहानपणी मला या वाक्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

विज्ञान शाखेच्या मुलांना सलग तीन तास मिळतच नाहीत. दुपारी प्रॅक्टिकल असतात. म्हणून मी सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा असे दोन तुकडे केले. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल लांबलं की संध्याकाळचा तुकडा गेला. पहिल्या सत्रात टायट्रेशनचं रीडिंग घाईघाईत घेऊन मी दोनदा चुकवलं, हेही लिहायला हवं.

ग्रंथालयातलं काम सोपं वाटतं तसं नसतं. परत आलेली पुस्तकं गाड्यावर घ्यायची आणि आपापल्या जागी लावायची. जागा कळते पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यावरून: 580 म्हणजे वनस्पतिशास्त्र, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. दशांश चिन्हापुढचा एक आकडा चुकला की पुस्तक दुसऱ्याच घरी. "चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हे चोरीला गेलेलं पुस्तक," असं ग्रंथपाल मॅडम म्हणायच्या, आणि आठवड्यातून एकदा माझं एखादं कपाट उघडून बोट फिरवत तपासायच्या. मला सगळ्यात आवडायचं ते लेबलांचं काम. जुनं लेबल ओल्या फडक्याने भिजवायचं, नखाने कड उचलायची, सावकाश ओढायचं. पुस्तकाच्या पाठीवर तळापासून दोन बोटं वर नवं चिकटवायचं. मामा, म्हणजे आमचे ग्रंथालयातले शिपाई, दुकानातल्या डिंकाला हात लावायचे नाहीत. मैद्याची खळ करायचे, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद कशाला, तर झुरळं येऊ नयेत म्हणून. त्या खळीने लावलेलं लेबल निघता निघत नाही, हे मी नंतर साठा पडताळणीच्या वेळी स्वतः अनुभवलं.

शनिवारी मात्र बागेत सगळ्यांनी जायचं. एकदा गाजर गवत उपटत होते आणि वर्गातली दोन मुलं फाटकातून आत आली. मी मान खाली घातली. त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही नाही. सोमवारी त्यातल्या एकाने माझ्याकडे वही मागितली, नेहमीसारखी. मला काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, यावर तो आठवडाभर मी फार विचार केला. अभ्यास सोडून.

आता पैशांबद्दल.

ऑगस्ट-सप्टेंबरचे पैसे दिवाळीच्या तोंडावर खात्यात आले. त्यात एका महिन्याची मेस जेमतेम भागली. आकडा कमी वाटला म्हणून मी माझी वही काढली. आईला दुकानदाराची उधारी वहीत मांडताना बघून मलाही सवय लागली होती. रोज आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मी लिहायचे. माझ्या वहीत 128 तास होते, मस्टरवर 117. ज्या दिवशी मॅडम रजेवर, त्या दिवशी मस्टर त्यांच्या कपाटात कुलूपबंद, म्हणून त्या दिवसांची सही नाही.

कार्यालयात गेले तर क्लार्क काका वर न बघता म्हणाले, "अगं, मदतच आहे ना ही? तासातासाचं काय धरून बसलीस!"

मी खिडकीतून बाजूला झाले. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. माझा भाऊ तेव्हा आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिस होता. त्याचं विद्यावेतन 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मिळायचं, लेखी करार होता. त्याला कुणी मदत म्हणत नव्हतं. मग मी उचललेले पुस्तकांचे गठ्ठे काय होते? हे सगळं मनात. तोंडातून एवढंच निघालं: "काका, अर्ज कुणाच्या नावाने करू?"

अर्ज मॅडमकडे आला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी देवघेवीची नोंदवही मागवली आणि त्या तारखा एकेक करून उघडल्या. त्या दिवशी काउंटरवर मीच बसले होते. परत आलेल्या पुस्तकांपुढे माझंच अक्षर. 11 पैकी नऊ तास असे सिद्ध झाले. उरलेले दोन मी कपाटं पुसण्यात घालवले होते, आणि पुसलेल्या धुळीची नोंदवही नसते. नऊ तासांचे पैसे मार्चमध्ये आले. दोन गेले ते गेलेच.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात आम्हाला स्टेजवर बोलावून 'गरीब व होतकरू' म्हणून गुलाबाचं फूल दिलं. फोटो काढला. फूल चांगलं होतं. शब्दांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आताही आहे. योजना मात्र मी तिन्ही वर्षं सोडली नाही, आणि कुणी विचारलं तर फॉर्म भर असंच सांगते.

तिसऱ्या वर्षी पेठ तालुक्यातली एक मुलगी ग्रंथालयात आली, पहिल्या वर्षाची. तिला मी आधी 580 दाखवलं, मग खळीचं भांडं, मग शंभर पानी वही दिली. तारीख, आत, बाहेर, सही असे चार रकाने आखून दिले. सहाला ती मस्टर आणि वही दोन्ही घेऊन मॅडमच्या टेबलापाशी अवघडून उभी राहिली. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला.

"आण," त्या म्हणाल्या, "दोन्हीवर करते."