सायलेंट, असेन्शन 20: हार्टची दुसरी ब्लड शॉट्स

‘स्ले द स्पायर’ या पत्त्यांच्या गेममध्ये सायलेंट हे पात्र घेऊन असेन्शन 20 या सर्वांत अवघड पातळीवर खेळत होतो. डबल बॉस, म्हणजे पाठोपाठचे दोन मोठे शत्रू, एकदाचा पडला! आधी टाइम ईटर आणि लगेच, श्वास घ्यायलाही सवड न देता, अवेकन्ड वन. टाइम ईटर बाराव्या पत्त्याला टर्न संपवतो, म्हणून त्याच्यासमोर बारावा पत्ता कोणता पडणार हे टर्न सुरू होतानाच ठरवत गेलो. अवेकन्ड वनसमोर फुटवर्क, म्हणजे ब्लॉक (फटके अडवणारी ढाल) लढाईभर वाढवणारा पॉवर पत्ता, हातात असूनही खेळलो नाही. पॉवर खेळली की त्याची स्ट्रेंग्थ, म्हणजे प्रत्येक फटक्याचा जोर, वाढते. असा मोह आवरणं सायलेंटवाल्यांनाच कळेल. शेवटच्या बॉसआधीचे शील्ड आणि स्पिअरही फार दमवून गेले नाहीत.

आणि मग हार्टने, म्हणजे शेवटच्या बॉसने, रन म्हणजे सगळा डाव संपवला. तोही पाचव्या टर्नला, निम्मं रक्त शिल्लक असताना.

पहिली फेरी निभावली होती. ब्लड शॉट्स म्हणजे 2 चे 15 फटके. पिअर्सिंग वेल खेळला की स्ट्रेंग्थ 6 ने उतरते आणि पंधराही फटके शून्य. एका एनर्जीत इतका फायदा देणारा दुसरा पत्ता या पात्राकडे नाही, असं माझं ठाम मत. पण चौथ्या टर्नला हार्ट बफ करतं: स्ट्रेंग्थ 2 ने वर, शिवाय दोन आर्टिफॅक्ट (एकेक आर्टिफॅक्ट आपला एकेक कमजोर करणारा परिणाम रोखतो). पाचव्या टर्नला समोर आकडा दिसला 4 गुणिले 15. माझ्याकडे 38 एचपी. हातात वेल होता, पण दर टर्नला विष देणाऱ्या नॉक्शस फ्युम्सने एकच आर्टिफॅक्ट खाल्लेला. दुसरा शाबूत असताना वेल खेळणं म्हणजे तो वाया घालवणं. हार्टने डेकमध्ये घुसवलेल्या व्हॉइडने एक एनर्जी गिळली, उरल्या दोन. बॅकफ्लिपचा ब्लॉक फुटवर्क धरून 7, पण हार्टचा बीट ऑफ डेथ इथे प्रत्येक पत्त्यामागे 2 वसूल करतो, म्हणजे हाती 5. बॅकफ्लिपने काय ओढून दिलं? डेझ्ड आणि बर्न, दोन्ही बिनकामाचे. शत्रूला कमजोर करणारा न्यूट्रलाइझ डेकच्या तळाशी झोपलेला. मग डॉज अँड रोल, आणखी 4. साठातून नऊ गेले, गणित संपलं.

‘सेव्ह अँड क्विट’ करून लढाई पहिल्यापासून, तीच पानं त्याच क्रमाने पिसलेली, पुन्हा खेळता आली असती. मी करत नाही. इतरांनी खुशाल करावं, पण मला तरी सगळा रन पणाला लागल्याशिवाय दोन एनर्जीचा इतका कीस पाडावासा वाटणार नाही.

ठरवलं होतं की पुढच्या वेळी दोन वेल घ्यायचे. पण हे लिहिता लिहिताच दिसतंय की दुसरा वेल म्हणजे एनर्जीचा चुराडा: पहिला आर्टिफॅक्टला बळी द्यायचा, दुसरा कामाला. मलेझ हा पत्ता एकटाच दोन्ही आर्टिफॅक्ट काढतो, पण सगळी एनर्जी घेतो आणि त्याच टर्नला वेलसाठी काही उरत नाही. लेग स्वीप चालेल, 11 ब्लॉकही मिळतो, पण दोन एनर्जी. व्हॉइड आला की बसलंच. त्यापेक्षा साधा डेडली पॉइझन! एक आर्टिफॅक्ट फ्युम्स काढणार, दुसरा हा, वर वेल: दोन एनर्जीत काम. डेडली पॉइझनला पहिल्या ॲक्टनंतर मी हातही लावत नाही, आता लावावा लागणार.

थांबा, त्याहून स्वस्त आहे. वेल-लेड प्लॅन्स अपग्रेड केला तर टर्न संपल्यावरही दोन पत्ते हातात राहतात. चौथ्या टर्नपर्यंत न्यूट्रलाइझ आणि वेल धरून ठेवायचे. न्यूट्रलाइझ फुकट, म्हणजे व्हॉइड आला तरी एक एनर्जी ब्लॉकला उरते. अडचण एवढीच की अपग्रेड आधी झाला नाही तर ॲक्ट 4 च्या शेकोटीवर झोपून एचपी भरायचे की पत्ता घासून अपग्रेड करायचा, हा सौदा करावा लागेल. हार्टचा दुसरा हल्ला, 45 चा इको, लक्षात घेता 40 एचपीच्या खाली मी झोपेन. बहुतेक.

 

वॉचर हे दुसरं पात्र सुरू करणार होतो, ते पुढे ढकललंय. सायलेंटचाच नवा रन काढला. रनच्या सुरुवातीला भेटणाऱ्या निओने सगळं सोनं घेऊन तीन दुर्मिळ पत्ते पुढे केले, त्यात रेथ फॉर्म होता. उचलला.