टी पेशींना आठवडा का लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहीत आहे, कारण हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि दोन वाक्यांत दिलेलं उत्तर अपुरं राहतं. टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. प्रश्न असा: ‘टी पेशी रक्तात कायम फिरतच असतात, मग नवा विषाणू अंगात शिरला की त्या लगेच का तुटून पडत नाहीत? आठवडा का घेतात?’ मंटू टेस्ट (क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे पाहायला हातावर सुई देऊन करतात ती) करून घेतलेले लोक हेच वेगळ्या शब्दांत विचारतात: बाकीचे रिपोर्ट संध्याकाळी मिळतात, मग या टेस्टसाठीच दोन-तीन दिवसांनी परत का यायचं?

त्या आठवड्याचा हिशेब तासांत मांडता येतो, आणि पुढे मांडलाही आहे. पण आधी या पेशी तयार कशा होतात ते पाहावं लागतं, कारण उशिराचं मूळ तिथे आहे.

टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेत जन्मतात आणि रक्तातून थायमसमध्ये येतात. थायमस म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर असलेली दोन पाळ्यांची ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात ती यौवनलोपी ग्रंथी म्हणून भेटते. १९६१ पर्यंत तिचा काही उपयोग असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर पुढे संसर्गांनी खंगत गेले, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती तशीच टिकून राहायची. मोठ्या उंदराची थायमस काढली तर असं काही लगेच दिसत नव्हतं. म्हणजे या ग्रंथीचं मोठं काम आयुष्याच्या सुरुवातीलाच उरकलेलं असतं.

सीडी४ आणि सीडी८ ही टी पेशीच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं, तिचा प्रकार त्यांच्यावरून ओळखतात. थायमसमध्ये आलेल्या नव्या पेशीवर सीडी४ नसतं, सीडी८ही नसतं. तिथल्या अस्तराच्या पेशी नॉच नावाच्या रिसेप्टरमार्फत (रिसेप्टर म्हणजे बाहेरचा इशारा पकडणारं पेशीवरचं प्रथिन) तिला इशारा देतात आणि ती टी पेशी होण्याच्या वाटेला लागते. मग जनुकांची कापाकापी सुरू होते. टी पेशीच्या रिसेप्टरला दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. त्यांची जनुकं आयती नसतात, सुट्या तुकड्यांत असतात. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं डीएनए कापतात, प्रत्येक गटातला एकेक तुकडा उचलून जोडला जातो, आणि सांध्याच्या जागी टीडीटी नावाचं एन्झाइम स्वतःच्या मर्जीने काही अक्षरं घालतं. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे असे तीन सांधे जुळवले तर साधारण एकच वाचण्याजोगा निघतो. आधी बीटा साखळी जुळावी लागते. जुळली नाही तर पेशी तिथेच संपते. जुळली तर ती भराभर विभागते, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही धारण करते आणि अल्फा साखळीच्या मागे लागते.

या सगळ्यात जंतूचा कुठेही संबंध आलेला नाही, हे नीट लक्षात घ्या. रिसेप्टर आंधळेपणाने बनतात. गोवराचा विषाणू ओळखणारी पेशी गोवर यायच्या आधीच बनलेली असते. जगात अजून आलेलाच नाही अशा विषाणूला ओळखणारीही बनलेली असू शकते. आणि त्याच रीतीने आपल्याच इन्सुलिनवर चालून जाईल अशी पेशीही बनते. म्हणून बनवण्यापेक्षा निवडण्याचं काम जास्त कठीण आहे.

पहिली निवड कॉर्टेक्समध्ये, म्हणजे थायमसच्या बाहेरच्या भागात होते. टी पेशीला मोकळं प्रथिन ओळखता येत नाही. प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी या रेणूच्या खोबणीत बसवून समोर धरला तरच तिला तो कळतो. (रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरातून हे दाखवून दिलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) त्यामुळे ज्या पेशीच्या रिसेप्टरला आपल्या एमएचसीची थोडीही पकड घेता येत नाही, ती बिनकामाची. तिला जगण्याचा इशारा मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत ती मरते. बहुतेक पेशी अशाच जातात. पहिल्या वर्गाच्या एमएचसीवर पकड बसली तर पेशीवर सीडी८ उरतं, दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीवर बसली तर सीडी४.

दुसरी निवड आतल्या भागात, मेड्युलामध्ये होते, आणि मला ती शरीरातल्या सगळ्यात विलक्षण घटनांपैकी एक वाटते. इथल्या अस्तराच्या पेशी एअर नावाच्या प्रथिनाच्या मदतीने अंगभरातल्या अवयवांची हजारो प्रथिनं स्वतःत थोडी थोडी बनवतात. स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिन इथेही बनतं. त्यांचे तुकडे कोवळ्या टी पेशींपुढे धरले जातात. जिने घट्ट पकडलं तिला मारलं जातं, किंवा सीडी४ पेशी असेल तर कधी कधी नियंत्रक टी पेशी बनवलं जातं, जिचं काम इतर टी पेशींना आवरण्याचं. या नियंत्रक पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. एअरच्या जनुकात दोष असलेल्या मुलांमध्ये पॅराथायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींवर स्वतःच्याच टी पेशी हल्ला करतात. थायमसमधली ही एक पायरी चुकली तर काय होतं याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

शंभर पेशींतल्या जेमतेम दोन ते पाच या सगळ्यातून जिवंत बाहेर पडतात. बाकीच्या पेशींना तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, खाऊन टाकतात.

इथे थोडं विषयांतर करायला हवं, कारण ते एखाद्या बाळाच्या जिवावरचं असू शकतं. रॅगसारख्या जनुकात दोष असला तर टी पेशी बनतच नाहीत. त्या आजाराला एससीआयडी म्हणतात. बाळ जन्माला येताना धडधाकट दिसतं. आपल्याकडे बीसीजी ही क्षयाची लस जन्मतःच देतात, आणि त्या लसीतले जिवाणू जिवंत असतात. अशा बाळात ते अंगभर पसरू शकतात. घरात याआधी एखादं मूल पहिल्या वर्षात संसर्गांनी गेलं असेल, तर बीसीजी देण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. दुसरी गोष्ट साध्या सीबीसी रिपोर्टमधली. मोठ्या माणसात १,५०० लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी) ठीक मानतात, पण तान्ह्या बाळात दर मायक्रोलिटरला ३,००० च्या खालचा आकडा धोक्याचा असतो. रिपोर्टवर मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असली तर हा आकडा नजरेतून सुटतो. काही देशांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी होते. रिसेप्टर जुळवताना कापून टाकलेल्या डीएनएच्या तुकड्यांची लहान वर्तुळं होतात, तीच मोजतात. वर्तुळं नाहीत, म्हणजे थायमसमधून नव्या टी पेशी येत नाहीत.

आता रक्तात आलेल्या पेशींकडे. आंधळेपणाने बनवून वर इतकी चाळण लावल्याचा परिणाम असा की वैविध्य अफाट असतं, पण एका ठरावीक पेप्टाइडला ओळखणाऱ्या पेशी अगदी मोजक्या. उंदराच्या अख्ख्या शरीरात त्या साधारण २० ते २०० भरतात. माणसात प्रमाण काही लाखांत एक असं असतं. या पेशींनी अजून जंतू पाहिलेला नसतो आणि त्या थेट फुप्फुसात किंवा कातडीत जातही नाहीत. रक्तातून लसिकाग्रंथीत (काख, जांघ, मान अशा ठिकाणच्या छोट्या गाठींत) शिरतात, अर्धा ते एक दिवस तिथे फिरतात, काही सापडलं नाही तर लसिकेतून पुन्हा रक्तात येतात आणि पुढची ग्रंथी गाठतात.

जंतूची बातमी ग्रंथीपर्यंत आणतात त्या डेंड्रिटिक पेशी. जखमेच्या जागी त्या जंतूचे तुकडे गिळतात, जंतूच्या खुणा ओळखून पक्व होतात आणि साधारण १२ ते २४ तासांत जवळच्या ग्रंथीत पोचतात. तिथे एकेक डेंड्रिटिक पेशी तासाला शेकडो टी पेशींना शिवते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं ते याच ग्रंथीचं. तिच्यात शिरणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि बाहेर पडण्याची वाट तात्पुरती अडवलेली असते. अवधाण चोळून जिरवण्यात काही अर्थ नाही. इलाज पायाच्या जखमेवर करायचा.

जुळणारी टी पेशी भेटली तरी ती लगेच पेटत नाही. तिला दोन इशारे एकाच वेळी लागतात. पहिला रिसेप्टरमधून: पेप्टाइड जुळलं, की आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं आणि टी पेशींना वाढायला लावणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाचं जनुक चालू होतं. किडनी बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस देतात ते नेमकं हे कॅल्सिन्युरिन अडवण्यासाठी. दुसरा इशारा टी पेशीवरच्या सीडी२८ मधून येतो, आणि तो द्यायला समोरच्या पेशीवर बी७ हा रेणू भरपूर असावा लागतो. जंतूची चाहूल लागलेल्या डेंड्रिटिक पेशीवरच तो भरपूर असतो. फक्त पहिला इशारा मिळाला आणि दुसरा नाही, तर टी पेशी सुन्न पडते आणि नंतर योग्य इशारा आला तरी नीट उठत नाही. थायमसच्या चाळणीतून निसटलेल्या पेशींपासून हाच नियम आपल्याला वाचवतो. यांच्या जोडीला डेंड्रिटिक पेशीचे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले रासायनिक निरोप, असतात, ते सीडी४ पेशी कोणत्या प्रकारची होणार हे ठरवतात. आयएल-१२ असेल तर क्षयासारख्या जंतूंशी लढणारी, वगैरे.

दुसऱ्या इशाऱ्याचं महत्त्व कार-टी उपचारात चांगलं दिसतं. रुग्णाच्या टी पेशीत कर्करोगाची पेशी ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर घालतात. पहिल्या पिढीतल्या रिसेप्टरमध्ये फक्त पहिल्या इशाऱ्याचा भाग होता. त्या पेशी रुग्णाच्या शरीरात फार टिकल्या नाहीत. दुसऱ्या इशाऱ्याचा भाग जोडल्यावर उपचार लागू पडू लागला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये विकसित झालेल्या, २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार१९ मध्येही दोन्ही भाग आहेत.

आता हिशेब. डेंड्रिटिक पेशी ग्रंथीत पोचायला एक दिवस धरा. दोघींची गाठ पडायला आणि टी पेशीचं पहिलं विभाजन व्हायला आणखी एक ते दीड दिवस. त्यानंतर पेशी साधारण आठ तासांनी दुप्पट होतात, काही त्याहून लवकर. सुरुवातीला २०० पेशी असतील तर १४ वेळा दुप्पट झाल्यावर त्या ३२ लाखांच्या पुढे जातात. १४ गुणिले ८ म्हणजे ११२ तास, पावणेपाच दिवसांच्या आसपास. एकूण सात दिवस. मग ग्रंथीतून बाहेर पडून संसर्गाच्या जागी पोचायचं. कोणतीही गोळी, काढा किंवा चूर्ण या बेरजेतला एकही दिवस कमी करत नाही. लस करते, कारण लसीमुळे हा आठवडा आजाराआधीच पार पडलेला असतो. संसर्ग आटोपल्यावर वाढलेल्या पेशींतल्या ९० ते ९५ टक्के मरतात, पण उरलेल्या स्मृतिपेशी सुरुवातीच्या २०० पेक्षा पुष्कळ जास्त असतात. शिवाय त्या थेट ऊतींमध्ये जातात आणि त्यांना दुसऱ्या इशाऱ्याची तितकी गरज उरत नाही.

मंटू टेस्ट म्हणजे याच स्मृतिपेशी आहेत का, हे पाहणं. हाताच्या पुढच्या भागावर, कातडीच्या आतल्या थरात ०.१ मिलि ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जिवाणूची प्रथिनं) देतात. सुई काढल्यावर ६ ते १० मिमीची पांढुरकी गाठ दिसली पाहिजे; दिसली नाही तर औषध खोल गेलं आहे, लगेच दुसऱ्या जागी पुन्हा द्यावं. क्षयाच्या जिवाणूच्या स्मृतिपेशी असतील तर त्या रक्तातून तिथे येतात, गॅमा इंटरफेरॉन नावाचा सायटोकाइन सोडतात, मॅक्रोफेज गोळा होतात आणि कातडी टणक होते. पेशी गोळा व्हायला लागतात ते ४८ ते ७२ तास. मोजायचा तो टणकपणा, लाली नाही. हाताच्या आडव्या दिशेने, मिलिमीटरमध्ये. साधारणपणे १० मिमी आणि त्यापुढे पॉझिटिव्ह, एचआयव्ही असेल तर ५ मिमीपासून.

या टेस्टमध्ये होणाऱ्या चुका बहुतेक टी पेशींच्याच हिशेबाने समजतात. घरात कुणाला क्षय निघाला म्हणून दुसऱ्याच दिवशी मंटू केली तर निगेटिव्ह येईल, कारण संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. आपला सात दिवसांचा हिशेब इथे चुकतो, कारण क्षयाचा जिवाणू स्वतः सावकाश वाढतो आणि त्याचे तुकडे ग्रंथीपर्यंत पोचायलाच उशीर होतो. उंदरांमध्ये टी पेशी जाग्या व्हायलाच आठवड्याहून जास्त लागल्याचं दिसलं आहे. सीडी४ पेशी फार घटलेल्या असतील, मूल फार कुपोषित असेल किंवा क्षय अंगभर पसरलेला असेल तरी टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. उलट बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि मुलाला नुकतीच गोवर-रुबेलाची लस दिली असेल तर काही काळ टी पेशींचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून मंटू लसीच्या दिवशीच करावी, नाहीतर चार ते सहा आठवडे थांबावं.