सोनियनचं जंगल : झाडं लावलेली, जमीन पुराणी

बेल्जियममधल्या सोनियन जंगलात, ग्रूनेनदालच्या राखीव भागात शिरलं की थोड्याच वेळात पहिला आडवा पडलेला बीच भेटतो. (बीच म्हणजे झाड. समुद्रकिनाऱ्याच्या आशेने आलेल्यांनी इथूनच परतावं.) खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला वेळ लागतो. उपटलेल्या मुळांचा गड्डा भिंतीसारखा उभा असतो, दोन माणसं उंच. आणि त्याखालचा खड्डा? जेमतेम गुडघाभर. एवढ्या धिप्पाड झाडाचा पाया ताटासारखा पसरट आणि उथळ.

लोक त्या गड्ड्याकडे पाठ करून सरळसोट झाडांच्या रांगांचे फोटो काढतात, तेव्हा मला चिडचिड होते. ब्रुसेल्सच्या कुशीतल्या या जंगलात खरोखर पुराणं काही असेल तर ते त्या उघड्या पडलेल्या मातीत आहे, रांगांत नाही.

माती लोएसची. शेवटच्या हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली पिठासारखी बारीक, पिवळट धूळ. तिच्यात वरून हातभर खाली एक घट्ट दाबलेला थर आहे. त्याचा सुका तुकडा बोटांनी फुटता फुटत नाही, पण पाण्यात टाकला की विरघळून गाळ होतो. मुळं या थरात शिरत नाहीत, फटी सापडल्या तर तेवढ्यांतून उतरतात, नाहीतर आडवी पसरतात. पाणीही वरच अडतं. म्हणजे हिवाळ्यात झाडाचे पाय चिखलात, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्या हातभर मातीतली ओल संपली की घशाला कोरड. 1990 च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागोपाठ वादळं आली, तेव्हा इथले बीच पत्त्यांसारखे कोसळले ते याचमुळे.

आजूबाजूच्या शेतांत शतकानुशतकं नांगर फिरला, उंचसखलपणा मोडला. इथे ब्राबांत या जुन्या संस्थानाच्या सरदारांची शिकार चालायची, म्हणून नांगर आला नाही. हिमयुग सरताना वाहिलेल्या पाण्याने कोरलेल्या घळी अजून तशाच धारदार कडांच्या आहेत. पायवाट एकदम खाली उतरून पुन्हा चढते तेव्हा वैतागू नका, ती घळच बघण्यासारखी आहे.

झाडांची गोष्ट वेगळी. उंच, बिनफांद्यांच्या खोडांचे जे खांब दिसतात आणि ज्यांना इथे कौतुकाने ‘कॅथेड्रल’ म्हणतात, ती 18 व्या शतकाच्या शेवटी केलेली लागवड. तेव्हा या मुलखावर ऑस्ट्रियाचं राज्य होतं, आणि योआखिम झिनर नावाच्या उद्यानतज्ज्ञाने बीचच बीच लावायचा सपाटा लावला. एका वयाची झाडं, एकमेकांना खेटून. त्यामुळे उजेडासाठी सगळी सरळ वर धावली. खाली ऊनच पोचत नाही, म्हणून झुडपं नाहीत, नुसता तांबूस पाचोळा. (1815 ला वॉटर्लूच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने हेच जंगल पाठीशी ठेवलं. नेपोलियनने नंतर त्याला नावं ठेवली, की माघार घ्यायला वाट नव्हती. बीचखालून चालून पाहिलं की कळतं, अख्खी पलटण आरामात निघून गेली असती.)

पुढे डच राजवटीत जंगल एका बँकसंस्थेच्या हाती गेलं आणि तुकड्यातुकड्यांनी विकलं गेलं. 1843 मध्ये बेल्जियमने ते परत घेतलं तेव्हा जे उरलं, तेच आजचं जंगल : सुमारे 4,400 हेक्टर.

यातलं युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून 2017 मध्ये नोंदलेलं क्षेत्र आहे जेमतेम 270 हेक्टर, तेही पाच तुकड्यांत. युरोपातल्या 18 देशांत विखुरलेल्या नव्वदहून अधिक बीचवनांच्या मालिकेतले हे पाच. इथला सर्वांत मोठा तुकडा ग्रूनेनदालकडचा, योसेफ झ्वानेपूल राखीव वन. त्यातला जुना गाभा 1983 पासून मोकळा सोडलेला आहे : कापायचं नाही, लावायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. आपल्या देवराईत वाळकं लाकूडसुद्धा घरी नेत नाहीत, तसंच. फरक इतकाच, की इथे देवाच्या जागी सरकारी पाटी आहे.

आणि हा भाग दिसायला अस्ताव्यस्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. अर्धी मोडलेली खोडं, त्यांवर घोड्याच्या खुरासारखी राखाडी बुरशी, सालीखाली पोखरलेला भुगा, खड्ड्यात साचलेलं पाणी. झाड पडून छताला भोक पडलं, तिथेच तेवढी कोवळी रोपं दाटलेली. वारसा बघायला म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण ‘इथे काही नाही’ म्हणून पाच मिनिटांत रांगांकडे वळतात.

वाटांबद्दल. जंगल बेल्जियमच्या तीन प्रदेशांत विभागलेलं आहे आणि पाट्यांची भाषा प्रदेशागणिक बदलते : फ्लँडर्समध्ये फक्त डच, वालोनियात फक्त फ्रेंच, ब्रुसेल्सच्या हद्दीत दोन्ही. जंगलाचंच नाव डचमध्ये झोनियनवाउद आणि फ्रेंचमध्ये स्वान्य. बेळगावकरांना यातली गंमत समजावून सांगायला नको. नकाशा फोनवर उतरवून घ्या आणि ठिकाणांची दोन्ही नावं लिहून ठेवा, नाहीतर एकाच तळ्याला दोन तळी समजाल. बोआफोर या उपनगराजवळच्या तळ्यांचं ‘बुडालेली मुलं’ हे भयंकर नाव अशाच भाषांतरातून आलं म्हणतात : मूळ मालक फरड्रोंकन आडनावाच्या गिरणीवाल्याची मुलं, आणि त्या आडनावाचा अर्थ ‘बुडालेला’.

मेट्रोने यायचं तर 5 नंबरच्या मार्गाचं शेवटचं स्टेशन, एर्मान-देब्रू. तिथून चालत रूज-क्लोआत्र हा 14 व्या शतकातला मठ. चित्रकार ह्यूगो व्हान डेर गूस शेवटची वर्षं इथे राहिला. मठ छान, तळी छान, पण शेजारून ई-411 महामार्ग जातो आणि त्याची घरघर कानातून जात नाही. दक्षिणेला जायचं तर तो ओलांडावा लागतो, आणि ओलांडायच्या जागा मोजक्या. त्या आधी नकाशावर हेरल्या नाहीत तर जाळीच्या कडेने उगाच पायपीट होते. ग्रूनेनदालला रेल्वेने उतरलात तर तिथे ब्रुसेल्सचा रिंगरोड आहेच. त्यावर 2018 मध्ये 60 मीटर रुंदीचा हिरवा पूल बांधला, हरणं आणि बेडूक पलीकडे जावेत म्हणून. आपल्याला त्यावर मज्जाव, आणि ते योग्यच. शांतता हवी असेल तर रस्त्यापासून आत, घळीच्या तळाशी उतरा. आवाज डोक्यावरून जातो.

वारा असेल त्या दिवशी जाऊ नका. हे उगाच भीती घालणं नाही. बीचच्या बुंध्यात वाढणारी बुरशी आतून पोखरते, वरती पानं हिरवीगार असतात, आणि झाड बुंध्यातून मोडतं. राखीव भागात वाळलेल्या फांद्या कुणी उतरवत नाही. रस्त्यालगतच्या मोठ्या झाडांवर कुऱ्हाड चालवतात तेव्हा लोक आरडाओरडा करतात, पण एक झाड गेलं की शेजारच्याची पातळ साल अचानक उन्हात येते, भाजते, आणि तेही आजारी पडतं. म्हणून काय कापायचं हा इथे खरंच अवघड प्रश्न आहे. कोरड्या उन्हाळ्यांमुळे आता ओक आणि इतर झाडांची मिश्र लागवड चालू आहे.

बुटांचा तळ खाचांचा हवा. ओला लोएस साबणासारखा निसटतो. एप्रिल ते ऑक्टोबर गवतात शिरलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधा. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, काडेपेटी असले उपाय करू नका. अळंबी तोडायला बंदी आहे. बीचच्या तिकोनी बिया चवीला बऱ्या, पण मूठभर कच्च्या खाल्ल्या की पोट बिघडतं. तांब्याचा रंग बघायचा तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मात्र तेव्हा घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, पाच वाजून गेले की सूर्य मावळतो, आणि बीचखाली त्याआधीच अंधारतं. दुपारी तीनला नवी वाट धरू नका.

शहराकडच्या कडेला वर बघा. ओळखीची किरकिर ऐकू येते : लाल चोचीचे, गळ्यात कंठ असलेले हिरवे पोपट. 1974 मध्ये ब्रुसेल्समधल्या एका प्राणिबागेतून सोडलेल्या थोड्याशा पक्ष्यांचं हे गोत, आता हजारोंनी वाढलेलं. घरट्यांना त्यांना जुन्या झाडांच्या ढोली लागतात. पुण्यात वडापिंपळावर भांडतात, तितक्याच कर्कशपणे इथे बीचवर भांडतात.