सेन्को हानाबी: लाल गोळी शेवटपर्यंत टिकवायची कशी

टोकियोत जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदा नदीवर आतषबाजीचे सुमारे २० हजार गोळे उडतात. तिथे आपण नुसती मान वर करून बघायचं. हाताचं कसब लागतं ते सेन्को हानाबी या हातात धरायच्या छोट्या जपानी फुलबाजीला (हानाबी म्हणजे आतषबाजी): पातळ कागदाची पिळलेली वात, टोकाशी जेमतेम एक दशांश ग्रॅम दारू. सोरा, गंधक आणि कोळसा, बस्स. फुलबाजीत असतो तसा धातूचा चुरा यात नसतो.

नवखा माणूस हमखास उलटं टोक पेटवतो. रंगीत, फडफडणारं रुंद टोक धरायचं; पेटवायचं ते बारीक टोक. त्याआधी दारू जिथे संपते त्याच्या किंचित वर कागदाला हलका पीळ द्या. ही मान सैल असली की पेटल्यावर टोकाशी तयार होणारी वितळलेली लाल गोळी लवकर गळते. फार आवळलंत तर कागद फाटतो.

वाऱ्याकडे पाठ करून उकिडवं बसा. मेणबत्ती रिकाम्या डब्यात ठेवा आणि ज्योतीच्या कडेला फक्त टोक लावा. पेटलं की वात सरळ खाली लोंबू देऊ नका, ४५ अंशांत तिरकी धरा. तिरक्या वातीला गोळी जास्त जागी चिकटून राहते, म्हणून सहज सुटत नाही.

मग हात हलवायचा नाही. आधी कळी फुगते. नंतर मोजक्या, ठसठशीत ठिणग्या येतात, तो ‘बोतान’. त्यापुढचा ‘मात्सुबा’ म्हणजे खरा बहर: गोळीतले बुडबुडे फुटून उडालेले थेंब हवेतच पुन्हापुन्हा फुटतात, म्हणून ठिणग्यांना फांद्या येतात. बहुतेकांची गोळी पडते ती याच्या आसपास, आणि बहुतेकदा दोष हाताचाच. टिकली तर ‘यानागी’च्या लांब रेषा आणि शेवटी ‘चिरिगिकु’, म्हणजे विझत जाणाऱ्या बारीक ठिणग्या, बघायला मिळतो.

हे सगळं पूर्व जपानातल्या कागदी वातीचं. पश्चिमेकडे भाताच्या काडीवर दारू लावतात. ती मात्र टोक वर करून तिरकी धरायची. माझ्या मते सुरुवातीला तीच घ्यावी, काडी ताठ असल्याने हात कमी थरथरतो.

पाकिटातल्या बाकीच्या फुलबाज्या आधी संपवून सेन्को शेवटी काढायची, ही तिथली रीत. पाण्याची बादली पेटवण्याआधीच भरून ठेवा. बऱ्याच उद्यानांत हानाबीला मनाई असते, तेव्हा फलक वाचूनच बसा. उरलेल्या वाती दमट जागी ठेवू नका; ओल धरलेली वात नीट पेटत नाही.