उंच केलेला जुना पिकअप इतका का आदळतो?

नवे शॉक ॲब्सॉर्बर (शॉक) मागवायच्या आधी टायरमधली हवा बघा. टायरवर छापलेला कमाल दाब भरून ठेवला असेल, तर रिकामी गाडी उडणारच. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, खडूची आडवी रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. रेघ फक्त मधोमध पुसली गेली तर हवा जास्त आहे. थंड टायरमधून २-३ पीएसआय कमी करून पुन्हा बघा. माल भरताना मात्र हवा परत वाढवायची.

मग मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या, एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पट्ट्या. उंचीसाठी जादा पाटा घातलेला असेल तर खरा दोषी बहुतेक तोच. त्यात गंज धरला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, अख्खा गठ्ठा एकाच जाड पट्टीसारखा वागतो. चेसिस स्टँडवर, ॲक्सल जॅकवर घेऊन गठ्ठा उतरवा. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट काढण्याआधी सी-क्लॅम्प (आवळून धरणारा शिकंजा) लावाच, नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं जातात. गंज घासून टोकांना घर्षण कमी करणारे पॅड बसवा.

बुशचे (पाट्यांच्या टोकांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक चालते आणि बुश लवकर फाटतात.

पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी स्टीलची दांडी) आवळून उंची काढली असेल, तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्ड्यात धाडकन आवाज येतो तो त्यामुळे. तिथे महागडे शॉक म्हणजे पैसे पाण्यात. बार थोडे सैल करा, मग अलाइनमेंट.