१९६६ : विजयानंतरचे वर्ष

११ जानेवारी

आज लालबहादूर शास्त्रींची पुण्यतिथी. १९६५ च्या युद्धाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि तिथून सगळे थेट १९७१ वर येतात. मधल्या १९६६ कडे फारसे कोणी वळत नाही. मला मात्र ते वर्ष फार मोलाचे वाटते, कारण युद्धाची जी किंमत सैनिकांनी सीमेवर मोजली, तिचा उरलेला भाग सामान्य माणसांनी त्या वर्षी मुकाट्याने मोजला आणि त्याबद्दल त्यांना कोणी हार घातले नाहीत.

१० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूबखान यांनी करारावर सह्या केल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर काही वेळातच शास्त्रीजी गेले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेव्हा तिथेच होते. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचे, असे ठरले होते. म्हणजे काश्मीरमधली आपण जिंकलेली हाजीपीर खिंड सोडायची, आणि सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ज्या भूमीवर लढता लढता पडले, तीही सोडायची. करार चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही, कारण छांब आणि खेमकरण भागातली आपली जमीनही त्यामुळेच परत आली. पण ज्या घरांत मुलाच्या मृत्यूची तार आली होती, त्या घरांना हा हिशेब पटवून देणे कुणाला जमले असेल, असे मला वाटत नाही.

२४ जानेवारीला इंदिरा गांधींचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावरच्या विमान अपघातात होमी भाभा गेले. दोन आठवड्यांत देशाने पंतप्रधान आणि अणुशास्त्राचा प्रमुख असे दोघेही गमावले.

खरी परीक्षा होती ती धान्याची. १९६५ चा पाऊस दगा देऊन गेला होता. आदल्या वर्षी सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन ७ कोटी २० लाख टनांपर्यंत घसरले, आणि १९६६ मध्ये बिहारकडे पुन्हा पावसाने पाठ फिरवली. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि अनेक खाणावळी त्या संध्याकाळी बंद राहत असत. माझी आजी महादेवाचा सोमवार आधीपासूनच करायची, पण तो दिवेलागणीला सोडायची. आवाहनानंतर तिने उपास मंगळवारी सकाळी पेज घेऊन सोडायला सुरुवात केली, आणि शास्त्रीजी गेल्यावरही बराच काळ तो नेम मोडला नाही. पी. एल. ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेला गहू रेशनवर मिळायचा, त्याची पोळी गार झाली की वातड व्हायची, असे ती सांगे. त्यात तक्रारीचा सूर नसे, मुलांनी ती दुधात कुस्करून खाल्ली एवढेच ती पुढे जोडत असे.

तो गहूही आपल्या हक्काचा नव्हता. युद्ध सुरू होताच अमेरिकेने मदत रोखली होती, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता धान्य थोडेथोडे सोडण्याचे धोरण ठेवले. परदेशी मदत पुन्हा सुरू व्हावी म्हणून ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. या निर्णयाला काँग्रेसमधूनही कडाडून विरोध झाला. माझ्या मते त्यातला आर्थिक विचार समजण्यासारखा होता, परंतु ज्या देशाने नुकतीच ताठ मानेने लढाई दिली होती, त्याला तो दबावाखाली घ्यावा लागला, ही बोच लोकांच्या मनातून गेली नाही. तिसरी पंचवार्षिक योजना मार्चमध्येच संपली होती आणि चौथी सुरू करण्याइतके बळ तिजोरीत नव्हते, म्हणून पुढची तीन वर्षे वार्षिक योजनांवर निभावली गेली.

वर्षाच्या अखेरीस घडामोडींनी वेग घेतला : १ नोव्हेंबरला पंजाबची पुनर्रचना होऊन हरियाणा अस्तित्वात आले, ७ तारखेला गोहत्याबंदीसाठी निघालेल्या मोर्च्यावर संसदेसमोर गोळीबार झाला, गुलझारीलाल नंदा यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले आणि ते यशवंतरावांकडे आले.

आणि याच ओढगस्तीच्या वर्षात, परकीय चलनाची अशी चणचण असताना, कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने मेक्सिकोहून बुटक्या जातीच्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे मागवले गेले. पोटाला आजच गहू हवा असताना पुढच्या पेरणीसाठी पैसा काढणे, हा त्या वर्षातला सगळ्यांत धाडसी निर्णय होता, असे मी मानतो. १९६८ च्या हंगामात देशात सुमारे १ कोटी ६५ लाख टन गहू पिकला, आणि पंजाबात तो साठवायला जागा पुरेना म्हणून काही ठिकाणी शाळांच्या खोल्या रिकाम्या करून द्याव्या लागल्या.