झीटा फाय ईटा
आज लेकीचं कॉलेज बघितलं, शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न. ती झीटा फाय ईटा या फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या मंडळात, गेलीये. फ्रॅटर्निटी म्हटल्यावर मला आधी दंगा आणि पार्ट्याच दिसल्या! पण ही नाटक, सिनेमा, पत्रकारिता, जनसंपर्क असल्या विषयांकडे ओढा असणाऱ्यांची. १८९३ साली इथल्याच कमनॉक वक्तृत्व शाळेतल्या मुलींनी ती काढली. मुलगे खूप नंतर आले. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. म्हणजे मत देता यायच्या आधीच या पोरी भाषणं ठोकायला एकत्र जमल्या होत्या. भारीच वाटलं मला हे.

लेक म्हणते, सीनियर्स आमचे रेझ्युमे तपासून देतात. आमचे सीनियर्स आमच्याकडून चहाचे पैसे वसूल करायचे, एवढंच आठवतं.